हिरड्यांची सामूहिक तपासणी: या चुका टाळा

शिबिरात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात एका माणसाच्या तोंडासाठी दोन-तीन मिनिटं मिळतात. दवाखान्यातली पूर्ण तपासणी तिथे करताच येत नाही. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी दात आणि हिरडीच्या मधल्या फटीची खोली मोजायची म्हटली, तर 28 दातांचे 168 आकडे होतात आणि एक्स-रे वेगळाच. म्हणून 1982 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने सीपीआयटीएन (हिरड्यांचा आजार आणि उपचारांची गरज मोजणारा निर्देशांक) ही सोपी पद्धत आली. तोंडाचे सहा भाग करायचे, प्रौढांमध्ये ठरलेल्या दहा दातांपाशी प्रोब (खोली मोजायची बारीक सळई) फिरवायचा आणि प्रत्येक भागात सापडलेला सर्वांत वाईट कोड लिहायचा. 0 म्हणजे निरोगी, 1 म्हणजे रक्त, 2 म्हणजे कीटण (दातावर साचलेला कडक थर), 3 म्हणजे 4 ते 5 मिलिमीटरचं पॉकेट (दात आणि हिरडीच्या मधली खोल झालेली फट) आणि 4 म्हणजे 6 मिलिमीटर किंवा त्याहून खोल.

पद्धत उत्तम आहे आणि आपल्यासारख्या ठिकाणी तिला पर्याय नाही, असं माझं ठाम मत आहे. पण सोपी करताना तिच्यातून काय गाळलं गेलंय, हे तपासणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

नुसती बॅटरी मारून बघणं

गर्दी वाढली की आधी प्रोब बाजूला पडतो. आरसा आणि उजेड एवढ्यावर "हिरड्या ठीक" असं लिहून माणूस पुढे जातो. लाल, सुजलेली हिरडी डोळ्यांना दिसते. पॉकेट मात्र हिरडीच्या आत असतं आणि वरून हिरडी गुलाबी, घट्ट दिसत असतानाही खाली हाड झिजलेलं असू शकतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हा धोका जास्त, कारण त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं. ज्याचा आजार सर्वांत पुढे गेलाय, तोच माणूस असा निरोगी म्हणून सुटतो.

"रक्त येतं का?" एवढाच प्रश्न

जिथे दंतवैद्य नाही तिथे आशाताईंनी प्रश्न विचारून चाळणी लावावी, ही कल्पना चांगली आहे. पण प्रश्न निवडताना विचार हवा. ब्रश करताना थोडं रक्त येणं अनेकांना नेहमीचंच वाटतं, ते "नाही" म्हणतात. बोटाने मशेरी लावणाऱ्या आजींना तर ते कधी दिसतच नाही. परदेशी प्रश्नावली जशीच्या तशी उचलली की आणखी एक अडचण येते. त्यात "डॉक्टरांनी तुमच्या दाताभोवतीचं हाड कमी झाल्याचं सांगितलंय का?" असा प्रश्न असतो. जी व्यक्ती आयुष्यात कधी दंतवैद्याकडे गेलीच नाही, तिचं उत्तर "नाही"च येणार आणि ते आपण निरोगीपणाच्या खात्यात टाकणार.

त्यापेक्षा दात हलतात का, मार न लागता आपोआप सैल होऊन दात पडलाय का, दातांमधल्या फटी वाढल्यात का, हे विचारा. दोन हलणाऱ्या दातांबद्दल माणूस सहसा खरं सांगतो. मधुमेह आणि तंबाखूचा प्रश्न याच कागदावर घ्या. मधुमेहात हिरड्यांचा आजार वाढतो आणि हिरड्यांची सूज राहिली की साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. तरीही प्रश्न ही पहिलीच चाळणी आहे. "होय" म्हणणाऱ्याला प्रोब लागायलाच हवा.

प्रोब आणि हात

इथे सर्वांत जास्त फरक पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. या कामाचा प्रोब वेगळा असतो. टोकाला अर्ध्या मिलिमीटरची गोळी आणि 3.5 ते 5.5 मिलिमीटर असा काळा पट्टा. आकडे वाचत बसायचं नाही, पट्टा बघायचा. पूर्ण दिसला तर पॉकेट नाही, अर्धवट बुडाला तर कोड 3, पूर्ण नाहीसा झाला तर कोड 4. धारदार एक्स्प्लोररने (दातांची कीड शोधायच्या टोकदार अवजाराने) हे काम करू नका. तो टोचतो, आणि टोचल्याने आलेलं रक्त आजाराचं म्हणून मोजलं जातं.

जोर 20 ग्रॅमपेक्षा जास्त नको. हात बसवायला प्रोबचं टोक स्वतःच्या नखाखाली घालून बघा. दुखता कामा नये. शिबिराच्या दिवशी दुपारनंतर हात जड होतो, म्हणून ही चाचणी सकाळी एकदा करून भागत नाही. प्रोब दाताच्या उभ्या अक्षाला धरून आत सोडायचा आणि हिरडीच्या कडेने छोट्या छोट्या पावलांनी चालवायचा. एका जागी टोचून काढला तर त्याच्या शेजारचं खोल पॉकेट हुकतं. दोन दाढांच्या मधल्या फटीत आजार बहुधा आधी सुरू होतो आणि घाईत नेमकी तीच जागा सुटते. कीटणाचा थर आडवा आला तर प्रोब तिथेच अडतो आणि खोली कमी दिसते, तेव्हा बाजूने वाट काढा. प्रोब काढल्यावर लगेच पुढे पळू नका, रक्त दिसायला काही सेकंद लागतात.

प्रोब लावण्याआधी एक प्रश्न कधीही चुकवू नका: हृदयाची झडप बदललीय का, किंवा हृदयाच्या आतल्या अस्तराला जंतुसंसर्ग झाला होता का? अशा माणसाला शिबिरात प्रोब लावायचा नाही, थेट रुग्णालयात पाठवायचं.

नसलेल्या दाताला शून्य देणं

तक्त्यात ही चूक वारंवार दिसते. मागच्या भागात एकही दाढ उरलेली नाही, लिहिणाऱ्याने तिथे 0 टाकलं आणि तो भाग निरोगी ठरला! खरं तर त्या दाढा हिरड्यांच्या आजारानेच गेलेल्या असू शकतात. एका भागात किमान दोन कामाचे दात नसतील तर तो भाग वगळायचा आणि X लिहायचा. ठरलेला दात नसेल तर त्या भागातले उरलेले सगळे दात बघायचे.

म्हाताऱ्या माणसांत दुसराच घोळ होतो. वर्षानुवर्षं मशेरी घासलेल्या किंवा गालात तंबाखूची गोळी धरलेल्या तोंडात हिरडी खाली सरकते आणि मुळं उघडी पडतात. पॉकेट उथळ असतं, कोड 1 किंवा 2 येतो, पण दात हलत असतो. हा कोड पॉकेटची आजची खोली सांगतो. दाताचा आधार आजवर किती गेला, हे त्यात येतच नाही. अशा वेळी सरकलेली हिरडी आणि हलणारा दात वेगळ्या रकान्यात लिहा. कागदावर एक रकाना वाढवायला काही खर्च येत नाही.

लहान मुलांत नेमकं उलटं होतं. दात उगवताना हिरडी सुजलेली, वर चढलेली असते आणि प्रोब खोल जातो, पण ते खरं पॉकेट नसतं. 15 वर्षांखाली पॉकेट नोंदवायचंच नाही.

कोडची सरासरी

एका भागात कोड 2 म्हणजे कीटण, दुसऱ्यात कोड 4 म्हणजे खोल पॉकेट, म्हणून सरासरी 3, असला हिशोब निरर्थक आहे. किती टक्के लोकांत सर्वांत वाईट कोड 4 आला, हे सांगा. शिवाय मोजके दात बघून गावात आजार किती, हे ठरवू नका. अमेरिकेच्या राष्ट्रीय पाहणीत 2009 पासून सर्व दातांभोवती मोजायला सुरुवात झाली, तेव्हा 30 वर्षांवरच्या जवळपास निम्म्या लोकांत आजार दिसला. आधीच्या अर्धवट मोजणीत तो बराच कमी भरला होता. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2013 च्या आवृत्तीत सर्व दात घेतले, कीटण वगळलं आणि रक्त व पॉकेट वेगवेगळं नोंदवायला सांगितलं. तुमचा छापील तक्ता जुन्या पद्धतीचा आहे की नव्या, हे आधी बघा. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून "आजार वाढला" किंवा "घटला" म्हणता येत नाही. एकाहून जास्त तपासणारे असतील तर 5 ते 10 टक्के लोकांना दुसऱ्याकडून पुन्हा तपासून घ्या.

अवजारं आधी मोजा. एका तपासणाऱ्यामागे किमान 30 आरसे आणि 30 प्रोब हवेत, म्हणजे एक संच ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) असताना दुसरा हाताशी राहतो. पाण्यात उकळणं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. संच संपले की तपासणी थांबवायची, मग रांग कितीही मोठी असो.

चिठ्ठी देऊन मोकळं होणं

सगळ्यांच्या चिठ्ठीवर "स्केलिंग" (कीटण काढून दात साफ करणं) लिहिलं की रुग्णालयात गर्दी उसळते आणि ज्याला खरी गरज, तो मागे राहतो. कोड 1 ला ब्रश नीट कसा करायचा हे तिथेच दाखवलं तरी पुरतं. 2 आणि 3 ला स्केलिंग. 4 असेल तर पुढचे उपचार करू शकणाऱ्या केंद्रात पाठवा, बहुधा दंत महाविद्यालयात. "दात साफ केले की ढिले होतात" ही भीती गावोगाव आहे, तिला चिठ्ठी देतानाच उत्तर द्या: कीटण निघाल्यावर जो दात हलतो, त्याचा आधार आधीच गेलेला असतो. चिठ्ठीवर "जिल्हा रुग्णालय" एवढंच लिहू नका. खोली क्रमांक, वार आणि वेळ लिहा. मजुरी बुडवून येणाऱ्या माणसाला चुकीच्या दिवशी परत पाठवलं तर तो पुन्हा येत नाही. महिन्याभराने आशाताईंकडून विचारून घ्या की कोड 4 वाल्यांपैकी प्रत्यक्ष कोण पोहोचलं, आणि जे पोहोचले नाहीत त्यांची नावं पुढच्या भेटीच्या यादीत सर्वांत वर ठेवा.