शेरूचे मणके आणि २०० ग्रॅमचा फरक

आमचा शेरू कारवान जातीचा शिकारी कुत्रा, २० किलोचा, रोज पहाटे नागपूरच्या फुटाळा तलावाकडे सुसाट धावणारा. कच्चं चिकन सुरू केलं तेव्हा वजनाच्या दोन टक्के, म्हणजे रोज ४०० ग्रॅम द्यायचो. महिनाभरात पाठीचे मणके मोजता यायला लागले, अन् रिकामं भांडं चाटत चाटत पार दारापर्यंत न्यायचा. कारवानच्या दोन-तीन बरगड्या दिसतातच, पण मणके? मग आठवड्याला ५० ग्रॅम वाढवत तीन टक्क्यांवर, ६०० ग्रॅमवर आणलं. कलेजी त्यात फक्त ३० ग्रॅम; एकदा जास्त झाली तर रात्रभर अंगणात पळापळ. दर रविवारी त्याला उचलून काट्यावर उभा राहतो, माझं वजन वजा करतो. मे महिन्यात उन्हापायी फिरणंच घटतं, तेव्हा ५००.