अटॅकचा पेशंट ३० मिनिटांत पुढे कसा पाठवायचा

मी कोकणात एका तालुक्याच्या गावी छोट्या हॉस्पिटलला ड्युटी करतो. आमच्याकडे कॅथलॅब नाही, म्हणजे अँजिओ, बलून, स्टेंट यातलं काहीच होत नाही, आणि कॅथलॅब गाठायची तर घाट चढून कोल्हापूर नाहीतर कराड. त्यामुळे अटॅकचा पेशंट धड पुढे पोचवणं हेच आमचं मोठं काम. आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीय, वेळ रस्त्यात जातो त्यापेक्षा आपल्याच हॉस्पिटलात जास्त वाया जातो. घाट काही लहान होणार नाही. पण पेशंट दारातून आत आला तिथपासून गाडी गेटबाहेर पडली तिथपर्यंतचा वेळ आपल्या हातात आहे, आणि तो ३० मिनिटांच्या आत हवा. माझ्यासारखे जे छोट्या जागी काम करतात, डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी आमचीच एक रात्र सांगतो. पन्नाशीचा माणूस, मासळीचा टेम्पो चालवणारा, रात्री अडीचला आला, छातीवर मूठ दाबलेली, शर्ट घामाने चिंब. सातव्या मिनिटाला ईसीजी निघाला, सरळसरळ अटॅक. आणि गाडी निघाली तेव्हा चार वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी बसून हिशोब मांडला. ट्रोपोनिनच्या, म्हणजे अटॅकसाठीच्या रक्ततपासणीच्या, रिपोर्टची वाट बघण्यात २० मिनिटं. पुढच्या हॉस्पिटलला फोन, तो रिसेप्शनने उचलला, मग कॅज्युअल्टी, मग "बेड बघून सांगतो", यात २५. रेफर लेटर लिहायला १०. आणि ॲम्ब्युलन्स सगळ्यात शेवटी बोलावली, ती यायला अर्धा तास. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन "पुढे देतीलच की" म्हणून दिलंच नाही. माणूस वाचला, पण हृदयाचं पंपिंग कमी झालं ते झालंच, आता जिना चढला की धाप लागते, टेम्पो सुटला. चूक आमची होती, आणि त्या रात्रीनंतर आम्ही सगळा क्रमच उलटा केला.

तर पहिलं, ईसीजी १० मिनिटांच्या आत. केसपेपर नंतर, नाव-गाव नंतर. छातीत दुखतंय, जबडा किंवा डावा हात भरून आलाय, नुसताच दरदरून घाम आणि जीव घाबरतोय, सरळ कॉटवर घ्यायचं. डायबिटीसवाले, बायका आणि म्हातारी माणसं पुष्कळदा "पित्त झालंय", "गॅस धरलाय" एवढंच सांगतात, त्यांचाही काढायचा. घामावर लीड, म्हणजे ईसीजीच्या वायरी, चिकटत नाहीत, पट्टी नुसती नाचते, म्हणून आधी गॉजने छाती कोरडी पुसा, केस असतील तर तेवढ्यापुरते रेझरने काढा. या दोन गोष्टींनी पाच मिनिटं वाचतात, खरंच. हृदयाच्या खालच्या बाजूचा अटॅक दिसला की उजव्या बाजूची लीडही घ्या, आणि उजवा कप्पा धरलेला असेल किंवा बीपी कमी असेल तर जिभेखालची सॉर्बिट्रेट देऊ नका, बीपी धाडकन खाली येतं.

ईसीजीत अटॅक दिसला की त्याच क्षणी गाडी. ट्रोपोनिनसाठी थांबायचं नाही, पहिल्या काही तासांत ते निगेटिव्हही येऊ शकतं, ईसीजी स्पष्ट असताना त्या रिपोर्टने काहीच बदलत नाही. आपल्याकडे १०८ ची सेवा २०१४ पासून आहे, गाडीत डॉक्टर असतो, पण सगळ्या गाड्या सारख्या नसतात, म्हणून फोनवर स्पष्ट सांगा की हार्ट अटॅक आहे, मॉनिटर आणि डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक द्यायचं मशीन) असलेली मोठी गाडी हवी. एका माणसाने गाडीचा फोन करायचा, दुसऱ्याने त्याच वेळी कॅथलॅबचा. आमच्याकडे हे ठरलेलं आहे, गाडी ब्रदर बघतो, कॅथलॅबशी मी बोलतो, गोळ्या आणि सलाईन सिस्टर.

कॅथलॅबचा फोन म्हणजे रिसेप्शनचा नंबर नव्हे. दिवसा शांत वेळ बघून त्या हॉस्पिटलच्या कार्डिऑलॉजी टीमशी बोलून ठेवा, रात्री थेट कोणाला फोन करायचा तो एक नंबर घ्या आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, शिवाय दुसऱ्या एका सेंटरचा नंबरही, कारण पावसाळ्यात दरड आली की घाट बंद. सिंधुदुर्गात सावंतवाडी-बांद्याकडच्यांना बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ पडतं, त्यांनी जिल्ह्याची हद्द बघत बसू नये. ईसीजीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकताना कागद टेबलावर सपाट ठेवा, ट्यूबलाईटची चमक येऊ देऊ नका, बाराही लीडच्या रेषा दिसल्या पाहिजेत. फोनवर वय, दुखणं कधी सुरू झालं, बीपी, काय औषध दिलं, गाडी किती वाजता निघेल, बस. रात्री कॅथलॅबची टीम घरून येते, त्यांना यायला अर्धा तास लागतो, तो अर्धा तास आपला पेशंट रस्त्यात असताना संपला पाहिजे. आणि तिथे पोचल्यावर कॅज्युअल्टीत न थांबता थेट कॅथलॅबमध्ये घ्या असं फोनवरच बोलून ठेवायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, इंजेक्शन द्यायचं की नुसतं पाठवायचं. नियम असा की ईसीजीत अटॅक कळल्यापासून १२० मिनिटांत नस उघडली जाणार असेल तर थेट अँजिओप्लास्टी, म्हणजे बलून-स्टेंटने नस उघडणं, बरी, नाहीतर आधी गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आणि मग लगेच रवानगी. मी साधा हिशोब करतो. आपल्याकडे ३० मिनिटं, तिकडे पोचल्यावर ३०, उरला एक तास. म्हणजे गाडीचा प्रवास खरोखर तासाच्या आत असेल तर पाठवा, त्याच्या वर असेल आणि दुखणं सुरू होऊन १२ तास झाले नसतील तर इथेच इंजेक्शन. गुगल मॅपचा वेळ धरू नका, रात्री, पावसात, उसाच्या ट्रॉल्यांमागे ॲम्ब्युलन्सला किती लागतो तो धरा. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर म्हणजे तासात होणारं काम नाही, तिथे प्रश्नच नको.

गुठळी विरघळवायला टेनेक्टेप्लेस हे औषध असेल तर वजनाप्रमाणे एकच डोस नसेतून, ६० किलोच्या आत ३० मिलिग्रॅम, पुढे दर १० किलोला ५ वाढवत ९० किलो आणि वर ५०. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना निम्मा. देण्याआधी विचारायचं: मेंदूत कधी रक्तस्राव झालाय का, गेल्या काही महिन्यांत लकवा, मोठं ऑपरेशन, डोक्याला मार, आत्ता कुठून रक्त जातंय का, बीपी १८०/११० च्या वर आहे का, दुखणं पाठीत चिरत गेल्यासारखं आहे का. यातलं काही असेल तर कार्डिऑलॉजिस्टला फोनवर विचारल्याशिवाय इंजेक्शन नाही. पेशंट शॉकमध्ये असेल, म्हणजे बीपी पार पडून अंग गार पडलं असेल, तर लांब असलं तरी कॅथलॅबच खरी, आणि तसं फोनवर आधी सांगा. आणि इंजेक्शन दिलं म्हणजे काम झालं असं समजून ॲडमिट करून ठेवू नका, ही चूक फार होते. गाडी निघालीच पाहिजे, कारण ६० ते ९० मिनिटांनी परत ईसीजी काढल्यावर एसटी, म्हणजे अटॅकमध्ये वर गेलेला रेषेचा भाग, निम्म्याने खाली आला नसेल तर लगेच अँजिओप्लास्टी लागते, आणि आला असेल तरी २ ते २४ तासांत अँजिओ करायची असते.

गोळ्यांचं थोडक्यात. ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून, गिळून नाही. क्लोपिडोग्रेलची गोळी, गुठळीचं इंजेक्शन दिलं असेल तर ३००, थेट अँजिओप्लास्टीला जाणार असेल तर ६००, पंचाहत्तरीपुढे इंजेक्शन दिलं असेल तर ७५ च. रक्त पातळ करणारं हेपरिन टीमला विचारून. ऑक्सिजन सॅच्युरेशन ९० च्या खाली असेल तरच. कमरेत इंजेक्शन अजिबात नको, बाहेरून दुखण्याचं डायक्लोफिनॅक घेऊन आलेले पेशंट खूप येतात, ते हृदयालाही वाईट आणि गुठळीच्या औषधानंतर त्या जागी रक्त साकळतं. सलाईनची सुई डाव्या हाताला लावा, उजवं मनगट मोकळं ठेवा, पुढे बहुतेक वेळा तिथूनच अँजिओ करतात.

नातेवाईकांशी बोलणं दोन मिनिटांत, पण उभं राहून, डोळ्यात बघून. मी असं सांगतो: "काका, हा अटॅक आहे, हृदयाची नस बंद झालीय, ती उघडायची सोय इथे नाही. गाडी बोलावलीय. एकाने पेशंटबरोबर बसा, बाकीच्यांनी रेशनकार्ड-आधारकार्ड घेऊन मागून या." पैशाचं विचारतातच, तेव्हा महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी बसते हे लगेच सांगायचं, आणि पुढचं हॉस्पिटल योजनेत आहे का हे आपल्याला आधीच माहीत हवं. नाहीतर "भावाला मुंबईहून येऊ दे, मग ठरवू" इथे गाडी अडते.

रेफर लेटर छापून ठेवा, फक्त वेळा आणि डोस भरायचे: दुखणं कधी सुरू, दारात कधी, ईसीजी कधी, फोन कधी, इंजेक्शन कधी, गाडी कधी निघाली. ओरिजिनल ईसीजी पेशंटच्या फाईलला लावा, फोटो आपल्याकडे राहतोच. गाडीत चढवण्याआधी डिफिब्रिलेटरचे पॅड छातीवर लावूनच द्या, रस्त्यात ठोके बिघडले तर घाटात शर्ट कापत बसायला वेळ नसतो. ऑक्सिजन सिलिंडरचा काटा बघा.

दुसऱ्या दिवशी पुढच्या हॉस्पिटलला फोन करून नस किती वाजता उघडली ते विचारा आणि आपल्या सहा वेळांखाली लिहा. दर महिन्याला ते कागद सिस्टर-ब्रदरसकट एकत्र बसून वाचा, कुठे दहा मिनिटं गेली ते कागदच सांगतो. आमचा आता बहुतेक वेळा २५ ते ३५ मिनिटांत निघतो. मागच्या महिन्यातला एक ५० ला गेला, कारण ईसीजीचा पेपर रोल संपला होता आणि नवा रोल कुलपाच्या कपाटात. तेव्हापासून दोन रोल मशीनच्याच ट्रॉलीवर असतात आणि सकाळची सिस्टर चार्ज घेताना ते मोजून सही करते.