मॉलिक्युलर बायोलॉजीची प्रॅक्टिकल्स घेताना: मराठवाड्यात नव्यानं शिकवणाऱ्यांसाठी

सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) नुकतं लागलेल्या शिक्षकाला सीनियर मंडळी हमखास सांगतात, "डेमो दाखवा, जर्नल लिहून घ्या, सह्या करून टाका." ऐकू नका. टेबलाभोवती घोळका करून दुसऱ्याचं काम बघणं म्हणजे प्रॅक्टिकल नव्हे. लातूर-नांदेडकडची बरीच मुलं नीटची तयारी करून आलेली असतात. रेप्लिकेशनची (डीएनएची प्रत बनवणारी) एंझाइम्स तोंडपाठ, मायक्रोपिपेट (अगदी थोडा द्रव मोजून घ्यायचं साधन) मात्र कधी हातात धरलेली नसते.

म्हणून पहिलं प्रॅक्टिकल सगळंच्या सगळं पिपेटला द्या. बटणाला दोन थांबे असतात. पहिल्यापर्यंत दाबून द्रव घ्यायचा आणि सोडताना दुसऱ्यापर्यंत दाबायचं. मुलं घेतानाच तळापर्यंत दाबतात. दहादा सांगितलं तरी ही सवय जात नाही, वजनकाट्यावर जाते. 100 मायक्रोलिटर पाणी 0.1 ग्रॅम भरायला हवं. काट्यानं 0.14 दाखवलं की पोरगं तुमच्याकडे न बघता स्वतःच्या अंगठ्याकडे बघतं.

दुसरं प्रॅक्टिकल केळीचा डीएनए. डिटर्जंट, मीठ, गाळणं, वरून गार अल्कोहोल. पांढरे तंतू वर येतात आणि वर्गात मोबाइल निघतात. इथं बहुतेक जण थांबतात, ते मला पटत नाही. त्या चिकट गोळ्यात पेक्टिनही (फळातला चिकट पदार्थ) भरपूर असतं. एखादी चौकस मुलगी विचारतेच, "मॅडम, हा डीएनएच आहे कशावरून?" मग तंतू 70 टक्के अल्कोहोलमध्ये नीट धुवा (साखर राहिली तर रंग फसवतो) आणि डायफिनाइलअमीन घालून नळी उकळत्या पाण्यात ठेवा. निळा रंग आला तर डीऑक्सिरायबोज, म्हणजे डीएनएमधली साखर, आहे. शेजारी एक नळी नुसत्या पाण्याची, एक विकतच्या डीएनएची. या दोन नळ्यांशिवाय निळ्या रंगाला काही अर्थ नाही, हे मुलांकडूनच वदवून घ्या. रिएजंटमध्ये तीव्र आम्लं असतात, ते तुम्हीच बनवा.

उन्हाळ्याबद्दल कोणतंच मॅन्युअल बोलत नाही. त्यातलं 'रूम टेंपरेचर' म्हणजे 20-25 अंश. आपल्याकडे एप्रिलमध्ये खोलीच 40 ला टेकते. अ‍ॅगॅरोज (डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलचा पदार्थ) साधारण 36 अंशांना गोठतो, म्हणजे दुपारी ओतलेलं जेल घट्ट होतच नाही. ट्रे फ्रिजमध्ये ठेवा. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, गार करत नाही, त्यामुळे 37 वर लावून काही उपयोग नाही. एंझाइमची ऑर्डर डिसेंबर-जानेवारीत द्या, मे महिन्यात कुरिअरमधला बर्फ पोचेपर्यंत पाणी होतो. आणि जेलचा पॉवरपॅक (जेलमधून वीज सोडणारं यंत्र) इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या. मध्येच लाइट गेली की बँड (डीएनएच्या तुकड्यांचे पट्टे) जागच्या जागी पसरायला लागतात. इथिडियम ब्रोमाइड म्युटेशन घडवणारं रसायन आहे. पहिल्या वर्षाच्या हातात देऊ नका, सुरक्षित रंग मिळतात.

आता माझं सगळ्यात आवडतं प्रॅक्टिकल: लॅम्डा (जिवाणूंना लागण करणारा एक विषाणू) याचा डीएनए आणि तो ठरावीक जागी कापणारं एंझाइम ईको आर-वन. लॅम्डा 48,502 बेसपेअरचा, सरळ रेषेतला. हे एंझाइम त्याला पाच ठिकाणी कापतं. जेल चालवायच्या आधी प्रत्येकाला वहीत अपेक्षित बँड काढायला लावा. पाच कट, म्हणजे सहा तुकडे. जेलवर मात्र पाचच दिसतात, कधी त्यातलाही एक फिकट. लगेच कुजबुज सुरू होते, "एंझाइम खराब आहे." तेव्हा तुकड्यांच्या लांब्या फळ्यावर लिहा: 21,226, 7,421, 5,804, 5,643, 4,878, 3,530. छोट्या जेलवर 5,804 आणि 5,643 वेगळे होत नाहीत, एकच जाड पट्टा दिसतो. फिकट बँड 3,530 चा. तो लॅम्डाच्या एका टोकाचा तुकडा, 21,226 चा दुसऱ्या टोकाचा. लॅम्डाची दोन्ही टोकं एकमेकांना जुळणारी, चिकट असतात, त्या टोकांनी दोघे एकमेकांना धरून बसतात. नमुना 65 अंशांवर पाच मिनिटं तापवून लगेच बर्फात ठेवला की 3,530 चा बँड ठळक होतो. अर्ध्या गटांना तापवू द्या, अर्ध्यांना नको. दोन्ही जेल शेजारी ठेवल्यावर वर्गात जो वाद होतो, त्यात तुम्ही शक्यतो पडू नका.

शेवटी, जमलं तर, बीटी कापसाची पट्टी चाचणी. भारतात बीटी कापसाला 2002 साली परवानगी मिळाली, आणि आपल्या वर्गातल्या निम्म्या घरी कापूस असतो, त्यामुळे पानं मुलंच आणतात. कंट्रोल म्हणून परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या देशी वाणाचं पान मिळवा. पट्टी क्राय प्रथिन (बीटी जीनपासून बनणारं, किडीला मारणारं) ओळखते, जीन नव्हे. हा फरक तोंडी परीक्षेत विचाराच. मी पट्टीच्या रेघेला गुण देत नाही. रेघ आली नाही तर कशामुळे आली नसेल आणि ते कसं तपासशील, याच्या उत्तराला देते.