सहा मेगापिक्सेलचा जुना कॅमेरा पुन्हा हाती घेताना

२००३ ते २००९ या काळात हौसेने विकत घेतलेले डिजिटल कॅमेरे आज बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात, चार्जर आणि वायरींच्या गुंत्यासह पडून आहेत. ते बिघडले म्हणून नव्हे, तर फोनचा कॅमेरा सुधारत गेला म्हणून मागे पडले. माझा निकॉन डी-४० असाच सात-आठ वर्षे पडून होता. २००६ च्या अखेरीस आलेला, सहा मेगापिक्सेलचा सीसीडी प्रकारचा सेन्सर (उजेड टिपणारी चकती) असलेला आणि व्हिडिओ काढण्याची कोणतीही सोय नसलेला हा कॅमेरा गेली तीन वर्षे मी पुन्हा नियमाने वापरतो आहे. पुढील सूचना त्याच अनुभवावर आधारलेल्या आहेत, तरी त्यांतील बहुतेक डी-५०, डी-७०, कॅननचे ३००डी आणि ३५०डी, तसेच त्या काळचे छोटे खिशात मावणारे कॅमेरे यांनाही लागू पडतात.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आजचा फोन शटर दाबताच एकामागून एक अनेक चित्रे टिपतो आणि ती एकत्र करून उजेड व सावली दोन्ही सांभाळतो. जुना कॅमेरा एकच चित्र टिपतो. त्यामुळे उजळ भाग राखायचा की सावलीतला तपशील, हे शटर दाबण्यापूर्वी आपल्यालाच ठरवावे लागते. हा निर्णय आपल्या हाती परत येणे हाच मला या कॅमेऱ्यांचा खरा आनंद वाटतो, आणि खालील सर्व खटाटोप त्यासाठीच आहे.

कपाटातून काढल्यावर

बॅटरी प्रथम पाहावी. लिथियम बॅटरी किंचितही फुगलेली असेल, कप्प्यात अडकत असेल, तर ती चार्जरला मुळीच लावू नये; ती घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्यावी. डी-४० ची ईएन-ईएल९ बॅटरी इतर कंपन्यांच्या नावाने अजून मिळते आणि नंतरच्या काही मॉडेलांची ईएन-ईएल९ए बॅटरीही त्यात चालते. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांत, उदाहरणार्थ कॅननच्या पॉवरशॉट ए मालिकेत, आत विसरून राहिलेले अल्कलाइन सेल बऱ्याचदा पाझरलेले आढळतात आणि पत्र्यांवर पांढरी-हिरवट पूड जमलेली असते. ही पूड क्षारीय असते. म्हणून हातमोजे घालून, कापसाच्या काडीला थोडेसे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून ती पुसावी, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पत्रे स्वच्छ करावेत आणि कॅमेरा दिवसभर उघडा ठेवून वाळू द्यावा. त्यानंतर अल्कलाइन सेलऐवजी रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरावेत. त्यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असला, तरी भिंग पुढे सरकवताना आणि फ्लॅश भरताना लागणारा जादा प्रवाह ते सहज पुरवतात.

कार्डाच्या बाबतीत एक कळकळीची विनंती आहे: जुने कार्ड फॉरमॅट करण्याआधी ते संगणकावर पूर्ण उतरवून घ्या. माझ्या कार्डावर २०१० च्या गणपतीतली आजीची तीन छायाचित्रे निघाली, जी इतर कुठेच नव्हती. ती उतरवून झाल्यावर कार्ड संगणकात नव्हे, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. मूळ एसडी मानकाची मर्यादा २ जीबीची आहे; ४ ते ३२ जीबीची एसडीएचसी कार्डे २००६ मध्ये आली. त्यामुळे २००५ च्या डी-५० मध्ये २ जीबीपर्यंतचेच कार्ड चालते, तर डी-४० एसडीएचसी कार्ड ओळखतो. जुना कॅमेरा नवे कार्ड नाकारत असेल, तर तो बिघडला असे समजण्याआधी कार्डाची क्षमता पाहावी. डी-४० ची एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेले चित्र) साधारण पाच-सहा एमबीची असते, म्हणजे ४ जीबीच्या कार्डावर सहाशेहून अधिक चित्रे बसतात. एका दिवसासाठी याहून मोठ्या कार्डाची गरज मला कधी पडलेली नाही. ऑलिंपस आणि फुजीफिल्म यांच्या अनेक छोट्या कॅमेऱ्यांना एक्सडी कार्ड लागते. त्याचे उत्पादन बंद झालेले आहे, म्हणून असा कॅमेरा घेताना कार्ड सोबत मिळत असेल तरच घ्यावा.

यानंतर भिंग तपासावे. अंधाऱ्या खोलीत भिंगाच्या मागून टॉर्चचा झोत टाकून तिरकस पाहिले की आतली बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या तंतूंनी दिसते. मुंबई आणि कोकणातल्या पावसाळी हवेत हा रोग फार सामान्य आहे, आणि कॅमेरा चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत बंद ठेवल्याने तो वाढतो. किटमधल्या १८-५५ मिमी लेन्सला बुरशी लागली असेल, तर ती उघडून साफ करून घेण्यापेक्षा दुसरी जुनी लेन्स घेणे बहुधा स्वस्त पडते. सेन्सरवरची धूळ शोधण्यासाठी अपर्चर (भिंगातले उजेडाचे छिद्र; एफचा आकडा जितका मोठा तितके ते लहान) एफ/१६ वर ठेवून निरभ्र आकाशाचे चित्र काढावे. काळसर ठिपके दिसले तर बॅटरी पूर्ण भरून, मेनूतून सेन्सरसमोरचा आरसा वर उचलून, हाताच्या रबरी फुग्याने हवा मारावी. तोंडाने फुंकर कधीही मारू नये, कारण लाळेचा एक थेंबही धुळीपेक्षा जास्त त्रास देतो.

जुन्या बाजारातून किंवा ओळखीच्या माणसाकडून छोटा कॅमेरा घेत असाल, तर तिथेच एक चित्र काढून पाहावे. सोनीने बनवलेल्या काही सीसीडी सेन्सरांत उष्ण आणि दमट हवेत आतली जोडणी सुटते असा दोष २००५ मध्ये उघड झाला होता, आणि ते सेन्सर अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत होते. अशा कॅमेऱ्याचा पडदा चालू असतो, मेनू दिसतो, पण चित्र मात्र काळे, जांभळट किंवा आडव्या रेघांनी फाटलेले येते. आपल्याकडच्या हवेत ही तपासणी टाळू नये.

शेवटी घड्याळ लावावे. कॅमेऱ्याच्या आत घड्याळासाठी वेगळी लहान बॅटरी असते आणि ती इतक्या वर्षांत रिकामी झालेली असते. भरलेली मुख्य बॅटरी दोन-तीन दिवस आत ठेवल्यावर बऱ्याच कॅमेऱ्यांत ती पुन्हा भरते. तारीख चुकीची राहिली, तर पुढे चित्रे लावताना फार गोंधळ होतो.

उजेड ओळखणे

आयएसओ (उजेडाला असलेली संवेदनशीलता) २०० वर ठेवावा आणि स्वयंचलित आयएसओ बंद करावा. डी-४० मध्ये ८०० पर्यंतची चित्रे चांगली येतात, १६०० वर रवा (दाणेदारपणा) दिसू लागतो आणि त्यापुढे मी फक्त कृष्णधवल चित्रांचा विचार करतो. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार चित्राचे रंग जुळवणे) स्वयंचलित न ठेवता दिवसा सूर्यप्रकाशावर पक्का करावा. असे केल्याने सकाळचा पिवळसरपणा आणि सावलीतला निळेपणा आहे तसा राहतो, आणि दिवसभराची चित्रे एकमेकांशी जुळतात. रॉ स्वरूपातच टिपावे. डी-४० रॉसोबत फक्त हलक्या दर्जाची जेपीइजी देतो, ती पाहण्यापुरती पुरेशी आहे. या फाइली डार्कटेबल किंवा रॉथेरपी या विनामूल्य प्रणालींत आजही उत्तम उघडतात.

आता मुख्य गोष्ट. या पिढीच्या सेन्सरांत उजळ भाग एकदा पांढरा पडला की तो परत मिळत नाही. सावली मात्र रॉ फाइलमधून एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) वर उचलता येते. त्यामुळे प्रकाशमापन नेहमी उजळ भागाकडे बघून करावे. हे मला नीट उमगले ते वाईजवळ मेणवलीच्या घाटावर. कृष्णेकाठचा तो सारा घाट काळ्या पाषाणाचा आहे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेत आणू पाहतो. चौकटीत काळा दगडच जास्त असला की तो जादा प्रकाश घेतो, दगड फिकट राखाडी होतो आणि पायऱ्यांवर वाळत घातलेली धोतरे, नदीवरचे आकाश निव्वळ पांढरे पडते. डी-४० मुळातच थोडे उजळ टिपतो, त्यात ही भर. मी एक्स्पोजर भरपाई (मापकाने ठरवलेल्या उजेडात आपण केलेला कमी-जास्त बदल, स्टॉपमध्ये) उणे ०.७ वर आणली, काही ठिकाणी उणे १ वर, तेव्हा दगड दगडासारखा काळा आला आणि धोतराच्या चुण्या दिसू लागल्या. आपल्याकडचे बहुतेक किल्ले, लेणी आणि घाट याच दगडाचे असल्यामुळे ही एक सवय लावून घेतली तरी चित्रांत मोठा फरक पडतो. याउलट चुन्याने रंगवलेली भिंत चौकट भरून असेल, तर तीच भरपाई अधिककडे न्यावी लागते.

मागचा पडदा अडीच इंचांचा आणि मंद आहे. त्यावरून रंग किंवा तीक्ष्णता ठरवू नये. फक्त हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेड-सावलीचा आलेख) आणि उजळ भागाची उघडझाप, म्हणजे पांढऱ्या पडलेल्या जागी पडद्यावर होणारी लुकलुक, पाहावी. उघडझाप चेहऱ्यावर किंवा कपड्यावर असेल तर भरपाई आणखी खाली आणून पुन्हा टिपावे. ती पाण्यावरच्या चमकेत असेल तर सोडून द्यावे. एकदा हे जमले की प्रत्येक चित्रानंतर पडद्याकडे बघण्याची गरज उरत नाही, आणि डोळा व्ह्यूफाइंडरला लावून दृश्याची वाट बघत उभे राहणे किती सुखाचे असते ते कळते.

भर उन्हात माणसांची चित्रे काढायची असतील, तर या कॅमेऱ्याची एक खास शक्ती वापरावी. डी-४०, डी-५० आणि डी-७० यांचा फ्लॅश १/५०० सेकंदापर्यंत शटरशी जुळतो, तर बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत ही मर्यादा १/२०० किंवा १/२५० ची असते. याचा उपयोग आकड्यांतून स्पष्ट होतो. आयएसओ २०० ला कडक उन्हाचे माप साधारण १/२०० सेकंदाला एफ/१६ असते. एफ/१६ ला डी-४० चा अंगचा फ्लॅश, ज्याचा गाइड नंबर (फ्लॅशची ताकद; त्याला एफच्या आकड्याने भागले की पोच मिळते) आयएसओ २०० ला सुमारे १७ मीटर आहे, उन्हाची बरोबरी जेमतेम एक मीटरपर्यंत करू शकतो. शटर १/५०० वर नेले की अपर्चर एफ/१० वर उघडते आणि तीच बरोबरी १.७ मीटरपर्यंत पोचते. सावली हलकीशी भरायची असेल, म्हणजे फ्लॅश उन्हापेक्षा एक स्टॉप कमी चालत असेल, तर जवळजवळ अडीच मीटरपर्यंत. दुपारी बारा वाजता फेटा किंवा टोपी घातलेल्या माणसाचे डोळे सावलीत बुडालेले असतात, आणि तिथे हा लहानसा फ्लॅश ते डोळे परत आणून देतो. फ्लॅशची भरपाई उणे १ वर ठेवली, तर चित्र फ्लॅशचे वाटत नाही.

आषाढातले ढगाळ आकाश या सेन्सरांना सर्वांत मानवते. उजेड मऊ असतो, पांढरे कपडे आणि सावळे चेहरे दोन्ही एका चौकटीत सांभाळले जातात आणि हिरवा रंग भरदार येतो. पालखी पाहायला जाल तेव्हा हा कॅमेरा अवश्य न्यावा. मात्र त्याला पावसापासून कोणतेही संरक्षण नाही, म्हणून एक मोठी प्लास्टिकची पिशवी आणि कोरडा पंचा सोबत असावा.

छोट्या कॅमेऱ्यांत शटर दाबल्यापासून चित्र निघेपर्यंत जाणवण्याइतका वेळ जातो. बटण अर्धे दाबून फोकस आधीच धरून ठेवावा आणि योग्य क्षणी उरलेले दाबावे. मग हा उशीर जवळजवळ नाहीसा होतो.

सीसीडीच्या रंगांविषयी

सीसीडी सेन्सरचे रंग फिल्मसारखे असतात, सीमॉस या दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरचे तसे नसतात, असे हल्ली फार सांगितले जाते आणि त्यावरून जुन्या कॅमेऱ्यांच्या किमतीही वाढवल्या जातात. माझ्या मते यात अतिशयोक्ती आहे. रंग ठरतो तो मुख्यतः सेन्सरवरील रंगगाळणी आणि कंपनीने केलेली रंगप्रक्रिया यांवरून. सीसीडी की सीमॉस यावरून नव्हे. २००५ चा कॅनन ५डी हा सीमॉसचा असून त्याचे त्वचेचे रंग आजही मला अतिशय आवडतात. म्हणून केवळ सीसीडी या तीन अक्षरांसाठी जादा पैसे मोजू नयेत. घरात किंवा नातेवाइकांकडे जो कॅमेरा पडून असेल तोच आधी वापरून पाहावा.

छापणे आणि ठेवणे

सहा मेगापिक्सेल कमी पडतील ही भीती छापून पाहिल्यावर जाते. डी-४० चे चित्र ३००८ गुणिले २००० बिंदूंचे असते. इंचाला ३०० बिंदू धरले तर ते १० गुणिले ६.७ इंचांचे होते, आणि ८ गुणिले १२ इंचांच्या कागदावरही इंचाला २५० बिंदू मिळतात. स्टुडिओत छापायला देताना यंत्राची आपोआप होणारी रंगसुधारणा बंद ठेवायला सांगावे, नाहीतर मेणवलीचा काळा दगड तिथे पुन्हा राखाडी होऊन येतो. महिन्याकाठी पाच-सहाच चित्रे निवडून छापावीत, आणि मागे मऊ पेन्सिलीने तारीख, जागा आणि एक्स्पोजर लिहावे. पुढच्या खेपेला त्याच घाटावर उभे राहताना हीच टिपणे सर्वांत जास्त कामाला येतात.

काम झाल्यावर बॅटरी काढून कॅमेरा घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवावा. डब्यात एक लहान आर्द्रतामापक ठेवला तर उत्तम. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा, आणि ६० च्या वर गेला की जेल बदलावे किंवा त्यावरील सूचनेप्रमाणे तापवून कोरडे करावे. पावसाळ्यात दर पंधरवड्याला कॅमेरा बाहेर काढून लेन्स अर्धा तास खिडकीच्या उजेडात ठेवावी आणि चार-दोन चित्रे काढावीत.