‘काढणे’ म्हणजे दर वेळी ‘रिमूव्ह’ नव्हे

आपण फोटो काढतो, कर्ज काढतो, सुट्टी काढतो, डाग काढतो, विषय काढतो आणि वेळ आली तर एखाद्याचा काटाही काढतो. इंग्रजी लिहिताना या सगळ्यांना सरसकट ‘रिमूव्ह’ लावलं की घोटाळा होतो. ‘आय रिमूव्ह्ड अ फोटो’ म्हटलं तर समोरच्याला वाटतं, भिंतीवरची तसबीर उतरवली.

शब्द निवडण्याआधी एक प्रश्न विचारायचा: ती वस्तू आधीपासून तिथे होती का? डाग शर्टावर होता, झाकण बरणीवर होतं, नाव यादीत होतं. तिथे ‘रिमूव्ह’ बिनधास्त चालतं. फोटो, चित्र, कर्ज, सुट्टी या गोष्टी मात्र ‘काढल्यावर’ अस्तित्वात येतात. त्यामुळे फोटो ‘टेक’ करायचा, चित्र ‘ड्रॉ’ करायचं, कर्ज ‘टेक आउट’ करायचं, सुट्टी ‘टेक’ करायची. वेळ काढणं म्हणजे ‘मेक टाइम’, विषय काढणं म्हणजे ‘ब्रिंग अप’, चुका काढणं म्हणजे ‘फाइंड फॉल्ट’.

दुसरा प्रश्न जरा बारीक आहे: आपलं लक्ष वस्तूवर आहे की रिकाम्या होणाऱ्या जागेवर? ‘रिमूव्ह’चा कल जागेकडे असतो. शर्ट स्वच्छ व्हायला हवा, डागाचं पुढे काय होतं याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. बँकेतून पैसे काढताना आपल्याला पैसेच हवे असतात, म्हणून तिथे ‘विथड्रॉ’. ‘रिमूव्ह्ड मनी फ्रॉम द अकाउंट’ असं लिहिलं तर कुणीतरी गुपचूप हात मारल्यासारखं वाटतं.

हा कल मुळातूनच आलेला आहे. लॅटिनमध्ये ‘मोव्हेरे’ म्हणजे हलवणं. त्याला ‘रि’ लागून ‘रिमोव्हेरे’ झालं आणि जुन्या फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकाच्या सुमारास ते इंग्रजीत आलं. इथला ‘रि’ म्हणजे ‘पुन्हा’ नव्हे, ‘मागे, दूर’. याच क्रियापदाच्या भूतकालवाचक रूपातून ‘रिमोट’ आला: दूर सारलेला, म्हणून दूरचा. पूर्वीच्या इंग्रजीत माणसंही ‘रिमूव्ह’ होत, म्हणजे एका घरातून दुसऱ्या घरात राहायला जात. ब्रिटनमध्ये सामान हलवणाऱ्या गाड्यांवर आजही ‘रिमूव्हल्स’ लिहिलेलं दिसतं. त्या काही नष्ट करत नाहीत.

पाककृतीतलं ‘रिमूव्ह फ्रॉम हीट’ही याच अर्थाने वाचा. भांडं आचेवरून उतरवायचं आहे. विजेच्या शेगडीवर नुसतं बटण बंद करून भांडं तिथेच ठेवलं, तर तापलेली प्लेट ते आणखी काही मिनिटं शिजवत राहते आणि सॉस फाटतो.

‘डिलीट’ची जात वेगळी. लॅटिन ‘डेलेरे’ म्हणजे पुसून टाकणं, नेस्तनाबूत करणं. न पुसल्या जाणाऱ्या शाईला ‘इनडेलिबल’ म्हणतात ते याच मुळापासून. प्लेलिस्टमधून गाणं ‘रिमूव्ह’ केलं तर ते फक्त त्या यादीतून जातं, फाइल सहसा जागेवर असते. फाइल ‘डिलीट’ केली तर गाणंच जातं. स्क्रीनवर दोन्ही पर्याय शेजारी दिसले की घाई करू नका. ‘इरेज’ म्हणजे मुळात खरवडणं, ‘रेझर’चा सख्खा नातेवाईक. ‘एलिमिनेट’ म्हणजे उंबऱ्याबाहेर घालवणं: लॅटिन ‘लिमेन’ म्हणजे उंबरा. स्पर्धेतून बाद होणाऱ्याला तो चपखल बसतो, शर्टाच्या डागाला जरा जास्तच भारी पडतो.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. सी प्लस प्लस या भाषेतलं ‘रिमूव्ह’ हे अल्गोरिदम वेक्टरमधून, म्हणजे घटकांच्या यादीतून, खरं तर काहीच कमी करत नाही. ठेवायचे घटक पुढे सरकवतं आणि नवा शेवट कुठे आहे ते सांगतं. वेक्टरचा आकार तेवढाच राहतो. शेपटीत उरलेला कचरा छाटायला ‘इरेज’ वेगळं बोलवावं लागतं. हे विसरल्यामुळे झालेले बग चिकाटीचे असतात.

वाक्यरचना सोपी आहे: काय काढलं ते आधी, मग ‘फ्रॉम’, मग कुठून. ‘रिमूव्ह द लिड फ्रॉम द जार’. ‘रिमूव्ह आउट’ लिहू नका, ‘बाहेर’ हा अर्थ शब्दातच आहे. बूट-कपड्यांसाठी पाटीवर ‘रिमूव्ह युअर शूज’ शोभतं, बोलताना ‘टेक ऑफ’ म्हणा. दात ‘रिमूव्ह’ही होतो, पण दवाखान्याच्या कागदावर ‘एक्स्ट्रॅक्ट’ दिसेल. ओढून काढणं हाच त्याचा मूळ अर्थ, ‘ट्रॅक्टर’मधलाच. पदावरच्या माणसाला ‘रिमूव्ह फ्रॉम ऑफिस’ करतात, साध्या नोकरीवरून काढलं तर ‘डिसमिस’ किंवा बोलीत ‘फायर’.

‘फर्स्ट कझिन वन्स रिमूव्ह्ड’ वाचून कुणाला घरातून हाकललं असं समजू नका. इथे ‘रिमूव्ह्ड’ म्हणजे एका पिढीचं अंतर. चुलत, मामे, आते, मावस भावंडं ही फर्स्ट कझिन. त्यांची मुलं तुमची ‘वन्स रिमूव्ह्ड’, नातवंडं ‘ट्वाइस रिमूव्ह्ड’. वरच्या दिशेनेही हीच मोजणी: आईची मावसबहीण तुमची ‘वन्स रिमूव्ह्ड’च. मात्र तुमची मुलं आणि त्या भावंडांची मुलं एकाच पिढीची असल्यामुळे ती एकमेकांची ‘सेकंड कझिन’. तिथे ‘रिमूव्ह्ड’ येत नाही.