फरशीवरची रेघ: स्वमग्न मुलांच्या तोलासाठी घरचा सराव

जिना उतरताना कठडा न सोडणे, चेंडू अंगावर आदळेपर्यंत हात पुढे न येणे, सतत चवड्यांवर चालणे, अशा गोष्टी स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांमध्ये पुष्कळदा दिसतात आणि घरात त्यांना धांदरटपणा म्हटले जाते. वास्तविक शरीराचा तोल डोळे, आतला कान आणि स्नायू-सांध्यांकडून मिळणारी जाणीव या तिघांच्या मेळावर सांभाळला जातो. त्यामुळे मूल नेमके कुठे अडते, हे फिजिओथेरपिस्टने तपासल्यावरच सराव सुरू करावा. मुलाला फिट येत असतील, तर तेही पहिल्याच भेटीत सांगावे.

घरी सुरुवात रेघेपासून करावी. फरशीवर रंगीत चिकटपट्टीची दोन-अडीच मीटरची सरळ रेघ आखावी आणि मुलाला तिच्यावरून अनवाणी चालवावे. तोंडी सूचनांपेक्षा स्वतः चालून दाखवणे बरे, कारण पाहून करणे अनेक मुलांना सोपे जाते. रेघेवर पाऊल ठरत नसेल, तर वीतभर अंतराने दोन रेघा आखून मधून चालवावे आणि अंतर हळूहळू कमी करावे. एका टोकाला पाच सागरगोटे, दुसऱ्या टोकाला रिकामा डबा ठेवावा. एका खेपेला एकच सागरगोटा न्यायचा, म्हणजे काम कधी संपणार हे मुलाला डोळ्यांनी दिसते आणि निम्मी कुरकुर तिथेच थांबते. वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलाला मात्र सागरगोट्यांऐवजी मोठे चेंडू द्यावेत.

एका पायावर उभे राहण्याआधी दुसरा पाय पाटावर टेकवून, भिंतीशेजारी उभे करावे, लंगडी त्यानंतरची. झेलण्यासाठी आधी फुगा घ्यावा, कारण तो सावकाश खाली येतो आणि हात पुढे करायला वेळ मिळतो.

झोपाळ्याचा वेग मुलानेच ठरवावा. चेहरा पांढरा पडला, घाम सुटला किंवा मळमळले, तर तत्काळ थांबावे.

रोज ठरावीक वेळी दहा मिनिटे पुरेत. उत्साह बहुधा पालकांचाच जास्त असतो. पाऊल रेघेबाहेर किती वेळा पडले, याची वहीत नोंद ठेवून ती थेरपिस्टला दाखवावी. आधी जमत असलेली हालचाल मूल गमावू लागले, तर मात्र पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.