जुन्या रीलचं हँडल उलटं फिरत होतं, ते असं थांबलं

ऐरोलीच्या खाडीवर गळ टाकायला जुनी स्पिनिंग रील (गळाची दोरी हँडल फिरवून गुंडाळायचं यंत्र) घेतली. मासा ओढला की हँडल सटकन उलटं फिरायचं. वरून तेल सोडलं, ग्रीस भरलं, आणखीच बिघडलं. अगदी जीव मेटाकुटीला आला.

दोष वन-वे क्लचमध्ये, म्हणजे हँडल एकाच दिशेने फिरू देणाऱ्या भागात होता. आधी स्पूल (दोरी गुंडाळलेली फिरकी) काढला, मग रोटरचा, म्हणजे स्पूलभोवती फिरणाऱ्या भागाचा नट (माझ्या रीलला उलटे आटे, घड्याळाच्या दिशेने सुटला), मग रोटर. खाली क्लच. त्याच्या बारीक रोलरांत मधासारखं चिकट ग्रीस साचलेलं. क्लच खोलू नका, स्प्रिंगा उडतात. मी अख्खाच आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवून हलवला, पूर्ण वाळवला, पातळ रील ऑइलचा एकच थेंब दिला. ग्रीस फक्त गिअरच्या दातांना. उलट्या क्रमाने जोडली. हँडल आता जागीच थांबतं.